पाव्हण्याकडं पावती कशी मागायची?

टेम्पोच्या कर्जाचे दोन हप्ते थकले, तेव्हा वसुलीचा माणूस पहिल्यांदा आमच्या विंझरच्या घरी आला. मी शरमेनं आतल्या खोलीत बसून राहिलो. बायकोनं त्याला पाणी दिलं आणि सवयीनं गाव विचारलं. तो वरव्याचा निघाला. वरवं म्हणजे तिच्या आत्याचं सासर. दोन घरांची नावं जुळली आणि तो पाव्हणा झाला. मग चहा झाला, पिठलं-भाकरी झाली. मीही बाहेर आलो.

"दाजी, भोरच्या ऑफिसात हेलपाटे कशाला घालताय?" तो म्हणाला. "माज्याकडं देत जावा. म्या भरतो."

त्या दिवसापासून हप्ता मी त्याच्या हातात देत गेलो. पावती पुढच्या खेपेला आणतो म्हणायचा.

"पावतीचं विचारा की," बायको एकदा म्हणाली.

"जेवायला वाढलेल्या माणसाकडं पावती मागू?" मी तिच्यावर खेकसलो. ती पुन्हा बोलली नाही.

मग नोटीस आली, ती माझ्या आधी शेजारच्या तात्यांना. एसटीतून निवृत्त झालेले तात्या माझ्या कर्जाला जामीन होते. मी भरलं नाही, तर त्यांच्या फंडाच्या पैशावर येणार होतं. ते कागद घेऊन ओट्यावर बसले. "हप्ते भरतोस म्हनला व्हतास न्हवं?" एवढंच विचारलं.

भोरच्या ऑफिसात कळलं, पाव्हण्यानं केव्हाच काम सोडलंय. त्याच्या हातात दिलेला एकही हप्ता खात्यावर जमा नव्हता.

"पावती?" कारकुनानं विचारलं.

"न्हाई."

"मग तुम्ही दिले कशावरून?"

माझ्याकडं सांगण्यासारखं एकच होतं, तो आमच्याकडं जेवून जायचा. ते मी सांगितलं नाही. तक्रारीचा अर्ज देऊन आलो. चौकशी चालू आहे म्हणतात. तोवर तेच हप्ते पुन्हा भरतोय. टेम्पो विकावा, तर कर्ज फिटेपर्यंत विकताही येत नाही.

आता नवा माणूस येतो. मी दारातच ओळखपत्र बघतो आणि हातात काही देत नाही. त्याला कुणी गाव विचारत नाही. तो उन्हात उभा असतो, पाणी मागतो. बायको तांब्या देते आणि लगेच आत जाते. आमच्या दारात असं कधी झालं नव्हतं.

हप्ता मी भोरला जाऊन खिडकीवरच भरतो. तात्या सोबत येतात. नसरापूरला एसटी बदलताना माझंही तिकीट तेच काढतात, मला लाज वाटते. जामिनाच्या कागदावर सही करताना त्यांनी चष्मासुद्धा लावला नव्हता. "तू सांगतोस न्हवं? झालं तर," म्हणाले होते. परवा खिडकीतून पावती मिळाली, ती मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, उजेडाला जाऊन कर्जाचा नंबर नि रक्कम वाचली. मग पावती उलटी करून पाहिली.

"शिक्का कुठाय?"

मी पुन्हा रांगेत उभा राहिलो.