माझे बाबा सुरेशच्या डब्यात

मंडळी, आज दुपारी सुरेशच्या घरी गेलो अन् पार जळून आलो. लपवत नाई.

वडस्यात आम्ही दोघंही झाडीपट्टीच्या नाटकांची शूटिंग करतो. मागच्या हंगामानंतर माझ्या कम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली, सारी नाटकं गेली. सुरेशनं आता राउटरच्या बाजूले दोन डिस्कवाला स्टोरेजचा डबा बसवला. घरातल्या कोणाच्याबी मोबाईलवर नाटक लागते.

मले दाखवाले त्यानं चालू नाटकात एक डिस्क ओढून हातात घेतली. नाटक थांबलंच नाई! दुसरीतबी तेच सारं असते म्हणे. मी मनात म्हटलं, बंद पड बे एकदाचा.

मंग म्हणे, "हे पाय भाऊ." स्क्रीनवर माझे बाबा! राजाच्या वेशात गाऊन राह्यले होते. बाबा आता नाईत. माझ्याकडची ती एकच शूटिंग डिस्कसोबत गेली होती. सुरेशनं कधीतरी माझ्याच पेनड्राइव्हवरून उतरवून ठेवली होती.

"तुले वेगळा पासवर्ड देतो," म्हणे. "पण फक्त पाहता येईन, डिलीट नाई करता येणार. कॉपी पाहिजे तर घेऊन जा."

घेऊन जाऊ, पण ठेवू कुठी? त्याच मरतुकड्या कम्प्युटरवर? बाप माझा, अन् सुखरूप याच्या घरी!

डोळे पुसले, चहा पेलो, पासवर्ड घेतला. थँक्यू काही तोंडातून निघालं नाई.

तर मंडळी, डबा कोणता घेऊ? चार डिस्कवालाच सांगा. त्याच्याकडे दोनच आहेत.