आम्ही दक्षिणी लोक

पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर गाळ उरतो, तसे पाहुणे गेले की आमच्या घरात किस्से उरतात. गाळ काढायला नगरपालिकेची माणसं पंप लावतात. किस्स्यांसाठी तशी सोय नाही. ते साठत जातात, वाळतात, आणि कुणी चहाला आलं की पुन्हा ओले होतात.

आमचं घर बनारसला, मंगला गौरीच्या गल्लीत. कितव्या पिढीपासून, याबद्दल घरात एकमत नाही. माझे वडील, म्हणजे अण्णा, संस्कृत शिकवायचे. त्यांना मुली, नाती, जावई, शेजारी, सगळेच अण्णा म्हणतात. त्यांचं म्हणणं, पेशव्यांच्या काळापासून. आईचं म्हणणं, तिच्या सासूबाईंना विचारलं असतं तर कळलं असतं, पण सासूबाईंना प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. ते काही असो, गल्लीत आम्ही अजूनही ‘दक्षिणी लोग’. आणि ह्या एका शब्दातूनच बहुतेक किस्से निघालेले आहेत.

*

समोरच्या घरात पांडेजी राहायचे. ते बलियाहून नोकरीसाठी आले होते आणि आले तेव्हा आमच्याच ओळखीने त्यांना ते घर मिळालं होतं. माणूस सज्जन. पण दर दिवाळीला अण्णांना जिन्यात गाठून आपुलकीने विचारायचे, “का पंडितजी, इस बार घर नहीं गए?”

अण्णा अनेक वर्षं “नाही जमलं” म्हणत राहिले. एका दिवाळीला हातात पिशवी घेऊन चढत होते, तर पुन्हा तोच प्रश्न.

अण्णा म्हणाले, “गए थे. अभी लौटे हैं. ये देखिए, गोभी भी ले आए.”

पांडेजी म्हणाले, “अच्छा किया. वहाँ की गोभी अच्छी होती है!”

*

मी लहान असताना आम्ही पुण्याला एका लग्नाला गेलो. मी पहिल्यांदाच महाराष्ट्र पाहत होते. आईने गाडीत मला बजावलं होतं, “तिथे सगळे मराठी बोलतात. नीट बोल.” मला वाटलं, मग अवघड काय आहे?

रात्रीच्या जेवणानंतर मी सगळ्यांसमोर म्हणाले, “आई, मला नींद येऊन राहिली आहे.”

चुलत भावंडं गादीवर लोळून हसली. पुढचे सगळे दिवस मला ‘भैयीण’ म्हणत होती. मी चिडले, मग रडले, मग बोलणंच बंद केलं. शेवटच्या दिवशी एक काकू आईला कौतुकाने म्हणाल्या, “पण वहिनी, तुम्ही मात्र किती छान मराठी बोलता हो! कुठे शिकलात?”

आई म्हणाली, “आईकडे. तुम्ही?”

परतताना गाडीत एक बाई भेटल्या. मिर्झापूर येईपर्यंत आईशी गप्पा मारल्या आणि उतरताना म्हणाल्या, “आप लोग मराठी हैं ना? हिंदी बहुत अच्छी बोल लेती हैं!”

आई मला म्हणाली, “बघ, दोन्हीकडून कौतुक झालं.”

*

मी काळी आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. आईने मात्र ती तक्रार म्हणून घेतली आणि माझ्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून डाळीचं पीठ, साय, हळद, जे हाताला लागेल ते मला चोळलं. मी काळीच राहिले, पण पिवळट.

मला पाहायला ग्वाल्हेरहून मंडळी आली. आईने मला खिडकीपासून लांब, कपाटाच्या सावलीत बसवलं. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आत्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि म्हणाल्या, “मुलगी जरा सावळी वाटते.”

आई काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “सावळी नाही, काळी आहे. इथे अंधार आहे म्हणून तुम्हाला नीट दिसत नसेल. उजेडात आणू का?”

मला जमिनीत जावंसं वाटत होतं. अण्णांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. आणि मग तो मुलगा हसला. कुत्सित नाही, खदखदून. मीही हसले. आत्या सोडून सगळे हसले.

त्याचं नाव श्रीकांत. रेल्वेत होता, पुढे बदली मागून बनारसलाच आला. मी त्याला नंतर विचारलं, तू हसलास कशाला? म्हणाला, “घरून निघताना मला सांगितलं होतं, मुलीकडचे लोक काहीतरी लपवतात, लक्ष ठेव.”

*

आमची मुलगी मुक्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकत होती. एका रविवारी तिने वर्गातल्या एका मुलाला जेवायला आणलं. मुलगा मिझोरामचा. नाव लालरेमरुआता.

अण्णांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, छोटं करून काय म्हणतात? तो म्हणाला, रुआता. आणि समजावून सांगितलं, की आमच्याकडे पुरुषांच्या नावाच्या शेवटी ‘आ’ येतो आणि बायकांच्या नावाच्या शेवटी ‘ई’.

अण्णांचा जन्म रमा, लता, माला शिकवण्यात गेलेला. आकारान्त म्हणजे स्त्रीलिंगी, हे त्यांनी कित्येक पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. त्यांनी उचललेला घास ताटात परत ठेवला. मुक्ता घाबरली. तिला वाटलं, म्हातारा आता जातीवर येतो.

अण्णा म्हणाले, “मराठीत चालतं. घोडा, घोडी.”

आणि समाधानाने वरण वाढायला सांगितलं.

तेव्हापासून रुआता कुठल्याही मराठी माणसाला आपली ओळख करून देताना म्हणतो, “रुआता. घोडा जैसा.”

*

पुढे त्याचं येणं वाढलं. एकदा आम्ही सगळे सारनाथला गेलो. दरवाजाशीच एक गाइड रुआताला चिकटला आणि जपानीत सुरू झाला. चांगलं बोलत असावा, कारण थांबतच नव्हता. रुआताने स्तूपाला अर्धी फेरी होईपर्यंत मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “गुरु, अब इहै बतिया हिंदी में बता दा.”

गाइड गार! रुआताची बनारसी आमच्यापेक्षा चांगली आहे. तो होस्टेलच्या मेसमध्ये शिकला, आम्ही घरात.

गाइडने स्वतःला सावरलं आणि आमच्याकडे वळून नम्रपणे विचारलं, “और आप लोग? मद्रास से?”

*

मुक्ताने घरात सांगितलं, की ती रुआताशी लग्न करणार आहे. श्रीकांत म्हणाला, “माझी ना नाही. पण मला विचारतंय कोण?” मला जे वाटत होतं ते मला स्वतःला सांगायलाही आवडत नव्हतं. मुलगा ख्रिस्ती आहे, परका आहे, मुलं कशी दिसतील, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. कपाटाच्या सावलीत बसवलेल्या बाईच्या मनात!

आई मात्र स्पष्ट बोलली. तेव्हा ती ऐंशीच्या जवळ आली होती. म्हणाली, “मला नाही पटत. खोटं कशाला बोलू?”

मुक्ताचे डोळे भरले. “आजी, तूच म्हणतेस ना, की तो चांगला मुलगा आहे?”

“आहेच. मला तो आवडतो. तुझ्या बापापेक्षा माझं जास्त ऐकतो.”

“मग?”

“मग काय? पटत नाही आणि आवडतो. दोन्ही आहे.”

“अगं पण मी करू काय?”

आई म्हणाली, “तू लग्न कर. माझं पटायचं ते मी बघते.”

तिचं पटलं की नाही, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण रुआता यायचा असला की अंबाडीची भाजी करायची, कारण त्यांच्याकडेही ती खातात, हे तिने त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

*

लग्नाआधी अण्णांनी रुआताला गच्चीवर बोलावलं. मला आणि मुक्तालाही बसायला सांगितलं. म्हणाले, “सगळे माझ्यापासून लपवतात, म्हणून मी सरळ विचारतो. तुम खाते क्या हो?”

रुआता म्हणाला, “सब.”

“सब मतलब?”

रुआताने क्षणभर मुक्ताकडे पाहिलं आणि सांगितलं. डुक्कर, गाय, कुत्रा, सगळं नाव घेऊन सांगितलं. कुत्रा आता आवडत नाही, हेही सांगितलं. मी कठड्याकडे बघत राहिले. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

शेवटी म्हणाले, “अरे, फिर तो हमारे यहाँ तुम भूखे रहते होगे!”

रुआता हसला. मग म्हणाला, “एक बात मैं भी पूछूँ? इस घर में पहले कौन-कौन ऊपर नहीं आ सकता था?”

हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मला वाटलं, अण्णा उठून जातील. ते उठले नाहीत. त्यांनी एकेक जात नाव घेऊन सांगितली. शेवटी एका माणसाचं नाव सांगितलं, सुखराम. तो आणि अण्णा लहानपणी गंगेत एकत्र पोहायचे, दोघांनी मिळून नदी पार केली होती. “और घाट से घर तक साथ आते थे,” अण्णा म्हणाले, “फिर वो नीचे खड़ा रहता था. माझी आई वरून पाणी ओतायची, तो ओंजळीने प्यायचा.” हिंदीतून ते कधी मराठीत आले, त्यांनाही कळलं नाही. रुआताला सगळं समजलं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

“और अब?” त्याने विचारलं.

“अब सब आते हैं,” अण्णा म्हणाले. मग गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, “आता मीच खाली जाऊ शकत नाही.”

*

मुक्ता आणि रुआता दिल्लीला नोकरीला लागले. त्यांना मुलगी झाली. तिचं नाव जाई. डोळे रुआताचे, रंग माझा, आवाज माझ्या आईचा.

ती पहिलीत असताना एका संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. जाईला अण्णांशीच बोलायचं होतं. मी फोन त्यांच्या कानाशी धरला, स्पीकरवर.

“अण्णा, मी चायनीज आहे का?”

“कोण म्हणतं?”

“शाळेत. सगळे.”

“ते चीनला जाऊन आलेत का?”

“नाही.”

“मग त्यांना काय माहीत?”

पलीकडून मुक्ताचा आवाज आला, चिडलेला. “अण्णा, थट्टेवारी नेऊ नका. ती घरी आल्यापासून रडते आहे. जेवली नाही.”

अण्णा गप्प झाले. नव्वदीच्या घरातला माणूस, गप्प झाला की आम्ही सगळे घाबरतो. मग हळूच म्हणाले, “जाई, मला शाळेत ‘दखिनी कौवा’ म्हणायचे. मी वर्गात आलो की काव काव करायचे. मास्तरसुद्धा हसायचे.”

“मग तू काय केलंस?”

“रडलो.”

“मग?”

“मग जेवलो.”

पलीकडे भांड्याचा आवाज झाला आणि मुक्ता म्हणाली, “ठेवते. ताट मागते आहे.”

*

त्याच हिवाळ्यात ती मंडळी सुट्टीला आली. एका दुपारी मुक्ता, जाई आणि मी बालाजी घाटावर ऊन खात बसलो होतो. रुआता लिंबाचा चहा आणायला वर गेला होता. घाटावर बकऱ्या फिरत होत्या, मालकांनी थंडीसाठी त्यांना जुने स्वेटर घातलेले. जाईने चपला काढून पायरीवर ठेवल्या होत्या आणि एका बकरीला स्वेटर उलटा घातलाय, हे मला मराठीत समजावून सांगत होती.

नगरकडच्या यात्रेकरूंचा एक घोळका खाली उतरत होता. त्यातल्या एक बाई थबकल्या. त्यांनी जाईकडे पाहिलं, पुन्हा ऐकलं, आणि जोरात ओरडल्या, “अहो, इकडे या! ही चिनी पोर मराठी बोलतीय!”

बघता बघता आमच्याभोवती दहा-पंधरा माणसं जमली. कुणी म्हणालं नेपाळी आहे, कुणी म्हणालं तिबेटी, एका आजोबांनी मोबाइल काढला. मुक्ता ताडकन उठली. तिचा हात मी धरला. फोनवरचं सगळं मला आठवलं आणि वाटलं, जाई आता रडणार.

बाई प्रेमळ होत्या. खाली वाकल्या, जाईची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, “बाळा, खरं सांग. तू कुठली गं?”

जाईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खाली त्यांच्या पायांकडे पाहिलं.

“मी इथलीच,” ती म्हणाली. “आणि तुम्ही माझ्या चपलेवर उभ्या आहात.”