रुस्कोचा ट्रक अजून चालूच होता

आमच्या गोर्ना ब्रेझा गावात मिंचोला लोक चित्राचा वैद्य म्हणतात. तरुणपणी तो गावच्या सिनेमाघरात यंत्र चालवायचा. फिल्म यंत्रात शिरते तिथे तिला थोडा ढिला वेढा ठेवावा लागतो. तो आवळला गेला की पडद्यावरची माणसं लंगडायला लागतात. पुढे सिनेमाघर बंद पडलं, खुर्च्या विकल्या गेल्या, पण ती ढील मिंचोच्या बोटांतून गेली नाही. आता पंचक्रोशीतली पोरं संगणकावर गेम खेळतात, खेळता खेळता जगाला थेट दाखवतात, आणि चित्र अडखळायला लागलं की मिंचोला बोलावणं येतं. त्याला गाडी चालवता येत नाही, म्हणून मी नेतो.

सगळ्यांना तो एकच गोष्ट सांगतो. सगळा जोर खेळालाच देऊ नका, दाखवणाऱ्यासाठी थोडा राखून ठेवा. खेळाचा वेग बांधून टाका. सेकंदाला साठ चित्रं खेळाची, तर साठच प्रक्षेपणाची. बहुतेक घरी एवढ्यानं भागतं.

वेलिकाच्या घरी भागलं नाही.

तिचा नवरा रुस्को जन्मभर ट्रक चालवत आला. निवृत्त झाल्यावर घरी बसून ट्रकचाच गेम खेळायचा, आणि खेळता खेळता खुर्चीतच गेला. त्याचे ट्रकवरचे जोडीदार जर्मनीत, स्पेनमध्ये, ग्रीसमध्ये पांगलेले. कुणाला थडग्यापाशी येणं जमणार नव्हतं. त्यांनी ठरवलं होतं की चाळिसाव्या दिवशी सगळ्यांनी गेममध्ये आपापले ट्रक आणायचे, आमच्या जिल्ह्याच्या शहराबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीनं उभे करायचे, आणि भोंगे वाजवत रुस्कोला निरोप द्यायचा. त्या ओळींमधून वेलिकाचा ट्रक जाणार होता. ज्यांना खेळता येत नाही ते तिचं प्रक्षेपण बघणार होते. पण आठवडाभर ती सराव करत होती आणि बघणाऱ्यांना ट्रक दिसायचा तो नुसता उड्या मारताना. कुणीतरी तिला लिहिलं होतं, वहिनी, रुस्को असा चालवायचा नाही.

आम्ही गेलो तो चाळिसाव्या दिवसाचाच दुपारचा प्रहर होता. धुकं इतकं खाली आलं होतं की फाटकावर चिकटवलेला रुस्कोचा मृत्यूचा कागद मला अगदी जवळ जाऊनच वाचता आला. आत मृताच्या नावानं उकडलेल्या गव्हाचा आणि साखरेचा वास होता. गेमचं स्टिअरिंग चाक लावलेल्या मेजासमोर रुस्कोची खुर्ची रिकामी होती आणि वेलिका शेजारी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर अवघडून बसली होती. चाळीस दिवस त्या खुर्चीत कुणी बसत नाही, त्यानं लावलेला दिवा कुणी मालवत नाही. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही.

मिंचोनं पडद्याकडे बघितलंच नाही. त्यानं संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग तिला आपला गेम पूर्ण बंद करायला सांगितलं. तिनं केला. आतला पंखा मात्र तसाच घोंगावत राहिला.

"तू काही करत नाहीस," मिंचो म्हणाला, "मग हा कुणासाठी राबतोय?"

वेलिकानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "त्याचं बंद केलं नाहीये, काका."

तेव्हा उलगडा झाला. त्या संगणकावर नवराबायकोची दोन वेगळी खाती होती. रुस्को गेला तेव्हा त्याच्या खात्यात गेम चालू होता. तिनं ते खातं तसंच ठेवून आपलं उघडलं. मागे, कुणी बघत नसताना, रुस्कोचा ट्रक चाळीस दिवस इंजिन सुरू ठेवून उभा होता आणि यंत्राचा अर्धा जोर खात होता.

"दाखव," मिंचो म्हणाला.

तिनं त्याचं खातं उघडलं. पडद्यावर पाईनच्या झाडांतून जाणारा रस्ता आला, आणि कडेला थांबलेला निळा ट्रक. वेलिकानं तोंडावर हात धरला. ती म्हणाली, "तो गेला त्या दिवशी ट्रक उत्तरेच्या बंदरावर होता. समोर समुद्र होता, बोट लागलेली. मी स्वतः बघितलं होतं."

"ब्रेक सुटला असेल," मिंचो म्हणाला.

"समुद्रापासून इथवर?"

तो पडद्याकडे वाकला. काट्यावर डिझेल तळाला गेलं होतं. नकाशावरची लाल रेघ आमच्या जिल्ह्याच्या शहरापर्यंत जात होती आणि तिचा अगदी थोडा तुकडा उरला होता. मला खोलीत गार वाटायला लागलं. मी खिडकी बघितली. ती बंद होती.

मिंचोनं समजावलं की एका यंत्रात दोन खेळ मावत नाहीत. हा बंद केला की तुझं चित्र पाण्यासारखं वाहील. वेग बांधून बघितला तरी या दोघांना पुरणार नाही. जोडीदार तासाभरात जमणार होते.

"तो वाटेत आहे, काका," वेलिका म्हणाली. "वाटेतच विझवू त्याला?"

 मिंचोचा अंगठा आणि तर्जनी हवेत फिल्मची ढील चाचपावी तशी हलत होती.

"मग तुझा राहू दे बंद," तो म्हणाला. "ह्याचाच ने. पण स्टुलावरून नाही जमणार, पोरी. तिथे बस."

ती उठली, पदराला हात पुसावेत तसे तिनं झग्याला पुसले, आणि रुस्कोच्या खुर्चीत बसली. मिंचोनं प्रक्षेपण त्या खात्यात जोडलं, वेग साठाला बांधला. ट्रक निघाला. चित्र कुठेही अडखळलं नाही. झाडं सलग मागे जाऊ लागली.

शहराबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते. पडद्याच्या कोपऱ्यात नाव उमटत होतं ते तिचं नव्हे, रुस्कोचं. जोडीदारांना ते दिसलं तसं त्यांचं पडद्यावर एकमेकांना चाललेलं लिहिणं थांबलं. मग एक भोंगा वाजला, मग सगळे. वेलिकानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. पुढे वळण होतं. मेजावरचं चाक सावकाश डावीकडे फिरलं, वळणाएवढंच, आणि परत सरळ झालं.

मी मिंचोकडे बघितलं. या चाकांना आतून मोटर असते, रस्त्याचा हिसका हाताला कळावा म्हणून. हे त्यानंच मला कधीतरी सांगितलं होतं.  आता त्यानं टोपी काढून हातात धरली होती.

ओळीच्या शेवटी, शहराच्या पाटीपाशी, डिझेल संपलं. ट्रक धापा टाकून थांबला. खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता. बाहेर चर्चची घंटा झाली.

वेलिकानं चेहऱ्यावरचे हात काढले. चाकावर तळवा ठेवून ती थोडी बसली. मग वाकली आणि डब्याच्या बटणावर बोट ठेवलं.

"आलास ना," ती म्हणाली. "उतर आता."

तिनं बटण दाबलं.