झिऱ्यावरचं टाकं

सकाळी सातला मानपाड्याहून निघाले तेव्हा पिशवीत सहा पर्जन्यमापक होते, माझ्याच कारखान्यातले. वागळे इस्टेटमध्ये आम्ही शाळांसाठी प्लॅस्टिकची मोजपात्रं बनवतो. महिन्यापूर्वी सुगंधा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी ते मागायला आली होती. मलंगगडाच्या रांगेतल्या आपल्या ठाकरपाड्यावर ती दर रविवारी मुलांचा वर्ग घेते. पाऊस किती पडला, ऊन किती तापलं, पाणी किती उरलं, हे मुलं मोजतात आणि शाळेच्या भिंतीवर लिहितात. पाड्याचं नाव ऐकून मी म्हटलं, “तिथलं टाकं आमच्या कॉलेजच्या शिबिरात बांधलंय. मी होते.”

तिने हातातलं मोजपात्र खाली ठेवलं. मग म्हणाली, “मग मॅडम, तुम्ही एकदा याच.”

मला वाटलं, सत्कार असेल.

नेवाळी नाक्यापर्यंत रिक्षा, पुढे टमटम. आम्ही ट्रकमधून गाणी म्हणत गेलो होतो तेव्हा दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. आता गोदामं आणि टॉवर आहेत. पायवाट मात्र तीच. पाऊण तासाच्या चढाला मला दीड तास लागला आणि वाटेत चपलेचा पट्टा तुटला. न्यायला आलेल्या सुगंधाने तो सुतळीने बांधला.

“बूट घालायचे ना, मॅडम.”

“आहेत. घरी.”

तिच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या जवळ्याची) चटणी वाढली. शिबिरातही हेच जेवण असायचं. दहा दिवस आम्ही दगड वाहिले, वाळू चाळली. शेवटच्या दिवशी टाकं भरलं आणि आम्ही सगळे ओंजळीने पाणी प्यायलो. आयुष्यात हाताने केलेलं ते माझं पहिलं काम. मुलीला ते इतक्यांदा सांगितलंय की ती पुढचं वाक्य आधीच म्हणते.

जेवण झाल्यावर सुगंधाने मला झिऱ्यावर (झऱ्यावर) नेलं. टाक्यात पाचोळा होता. दहा पावलं खाली, करवंदीच्या जाळीपाशी, दोन बायका वाटीने हंडा भरत होत्या.

“तुम्ही बुडालाही सिमेंट केलंत,” सुगंधा म्हणाली. “खालून पाणी यायला जागा नाही. पूर्वी पाऊस महिनाभर मुरायचा, तेव्हा बाजूने तरी झिरपायचं. आता चार दिवसांत कोसळतो आणि वाहून जातो. उरलेलं या करवंदीच्या जाळीखालून निसटतं. मुलांनी मोजलंय. मागच्या होळीला हंडा भरायला अर्धा तास लागायचा, आता माघातच पाऊण तास.”

तिला उन्हाळ्याआधी बूड फोडायचं होतं. नाहीतर चैत्रात बायकांना पार ओढ्यापर्यंत उतरावं लागणार. जाणते मात्र तयार नव्हते.

शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. पाड्यातले सर्वांत वडील काळूबाबा म्हणाले, “कॉलेजवाल्यांनी बांधलंय ते. ही कालची पोर, चार रेघा मारल्या न् फोडायला निघाली.” मग माझ्याकडे निरखून पाहत, “तू ती नं, पाटी उचलताना रडायचीस ती?”

“डोळ्यात सिमेंट गेलं होतं, बाबा.”

“रोजच?”

सगळे हसले. मीही. तेव्हा तरणे असलेले काळूबाबा माझ्या पाटीतले दगड स्वतःच्या पाटीत घ्यायचे, ते मला आठवलं.

“सांग हिला,” ते म्हणाले. “चांगलं मजबूत काम हाय.”

मजबूत होतंच. मला ते आवडतही होतं. पण खाली वाटीने हंडा भरणाऱ्या बायका मी पाहून आले होते.

“बाबा, तुमच्या आईने तेव्हाच बजावलं होतं, बुडाला लावू नका, पाण्याचा दम कोंडंल. आम्ही हसलो. चूक आमची आहे. सुगंधा बरोबर सांगतेय.”

काळूबाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मी बी हसलेलो,” ते म्हणाले. “तुमी शिकलेली मान्सं, म्हनून.” थोड्या वेळाने ते उठले. “पहार आना. पोरांना नका देऊ, पाय फोडून घेतील.”

बूड फोडायला दोन तास गेले. खाली काळा, ओलसर चिखल लागला. पाणी उसळलं नाही. एकाने विचारलं, “कवा येनार मग?”

“येईलच असं नाही,” सुगंधा म्हणाली. “पाऊस मुरला तर येईल. वरच्या उतारावर चर खणायला लागतील. रोज मोजू.” तिने चिखलात खुणा केलेली काठी रोवली आणि कोणत्या दिवशी कोणी बघायचं ते मुलांना वाटून दिलं.

उतरताना मी एकच विचार करत होते. आम्ही पाणी मिळणारच असं छातीठोक सांगून दहाव्या दिवशी ट्रकमध्ये बसलो होतो. पुन्हा कोणी बघायला गेलं नाही, मीही नाही. ही मुलगी कसलंच वचन देत नव्हती, पण उद्या सकाळी तिथे असणार होती.

घरी पोचले तर मुलगी म्हणाली, “काय, आहे का अजून तुमचं टाकं?”

“नाही. फोडलं.”

“कोणी?”

“आम्हीच,” मी म्हटलं आणि पाय धुवायला गेले.