जागा खाणारे रंग

चादरींच्या कारखान्यात त्यांना सगळे मिळेलकाका म्हणत. कोणी कसलाही कागद मागो, काकांचं उत्तर ठरलेलं, "मिळेल हो, कागदाला काय पाय फुटलेत?" आणि मिळायचाही. कारखान्याचे जुने कागद स्कॅन होऊन कॉम्प्युटरवर चढले, तेव्हापासून ते खातं काकांकडेच होतं. बाकीचे लोक शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकायचे आणि ढीगभर निकाल बघून कपाळाला हात लावायचे. काका दोन शब्द जोडीने अवतरणचिन्हांत घालत, नको तो शब्द वजा करत, अक्षराची खात्री नसेल तिथे चांदणीचं चिन्ह ठेवत, की कागद चुटकीसरशी हजर. फुशारकी मारायचे जरा, पण मारू देत की, येत होतं त्यांना ते.

त्यांची बायको लग्नाआधीपासून त्याच कारखान्यात नक्ष्या काढायची. बारीक चौकटी आखलेल्या भल्यामोठ्या कागदावर, एकेक घर रंगवून. मूल झालं, नोकरी सुटली, कागद तिथेच राहिले. तिने कधी मागितले नाहीत आणि यांनी कधी विचारलं नाही. आता तिची नजर चालली होती. माणसं ती आवाजावरून ओळखायची. ठळक रंग तेवढे अजून कळत होते, आणि तेही फार दिवस कळणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, माझी ती बदकांची नक्षी एकदा बघायची होती. पहिलीच माझी. रंग कळतायत तोवर."

"मिळेल. त्यात काय एवढं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या त्यांनी 'बदक' टाकलं. काही नाही. 'नक्षी' टाकलं, तिचं माहेरचं नाव टाकलं, ती नोकरीत होती तेवढ्याच वर्षांपुरतं शोधून बघितलं. शुकशुकाट. मग डोक्यात प्रकाश पडला. चित्रात अक्षरच नाही, तर कॉम्प्युटर वाचणार काय? स्कॅन करताना प्रत्येक चित्राला दोन शब्दांची ओळख लिहायची होती. ती कोणी लिहिली नाही? यांनीच. चित्रं कोण शोधायला बसलंय म्हणून सगळी 'इतर' नावाच्या कप्प्यात ढकलून मोकळे झाले होते. बोला आता.

पण काकाच ते. नक्ष्यांचे कागद इतर कागदांपेक्षा मोठे असायचे, म्हणून त्यांनी 'इतर'मध्ये कागदाच्या मापावरून शोध घेतला. भराभर चित्रं उघडत गेले, आणि एका कागदावर बदकं दिसली, ओळीने पोहणारी. काकांना इतका आनंद झाला की शेजारच्या टायपिस्टबाईंना हाक मारून दाखवली.

"छान आहेत हो," बाई म्हणाल्या. "पण रंग नाहीत का यात?"

मग काकांना आठवलं. स्कॅन करणाऱ्याने तेव्हा विचारलं होतं, रंगीत करू का म्हणून. "रंग जागा खातात, काळं-पांढरंच कर," हे यांचेच शब्द. मूळ कागद त्यानंतर रद्दीत गेले होते, आणि रद्दीत काढायच्या मंजुरीवर सहीसुद्धा यांचीच.

तरी त्यांनी ते फिकट करडं चित्र मोठ्यात मोठ्या कागदावर छापून घरी नेलं. दुसरं काय करणार होते? बायकोने ते खिडकीशी धरलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, उलटं करून पाहिलं.

"अहो, हा कोराच कागद आणलात."

काकांनी सगळं सांगून टाकलं, एक शब्द न लपवता. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची नीट घडी घातली.

"कुठले रंग होते ग? सांग ना," काका म्हणाले.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "त्याच नक्षीची चादर आपल्याच पलंगावर नव्हती का, फाटेपर्यंत?"

काकांनी पुष्कळ आठवून बघितलं. पलंग आठवला, उशा आठवल्या. चादर काही आठवेना.