पंधरा कामांची कुऱ्हाड

सोमवारी सकाळी साडेदहाला दस्तगीरचाचा भट्टीशेजारच्या स्टुलावर बसले आणि पुन्हा उठले नाहीत. साताऱ्यातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहिली. संध्याकाळी त्यांना सांगलीला, घरी नेलं. मंगळवारी कारखाना बंद राहिला. बुधवारी सुरू झाला.

मी त्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आम्ही कोयते, कुऱ्हाडी, विळे बनवतो. तयार मालाची मापं बघायची, कडकपणा तपासायचा आणि रिपोर्टवर सही करायची, हे माझं काम. चाचा हीट ट्रीटमेंटला होते. पात्याला पाणी देणं म्हणतात ते हेच. पोलाद लाल तापवून तेलात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढायचा. या दुसऱ्या तापवण्याला टेम्परिंग म्हणतात.

तेलात बुडताना एखाद्या पात्याला केसाएवढा तडा जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. चाचा प्रत्येक पातं सुतळीला टांगायचे आणि लहानशा हातोडीने वाजवायचे. धड पातं टणकन वाजतं आणि नाद लांबत जातो. तडा गेलेलं ठप्प वाजतं. माठ विकत घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसंच. जे वाजेल त्यावर ते काडेपेटीची काडी पिवळ्या रंगात बुडवून दोन उभ्या रेघा ओढायचे. ही खूण आमच्या कुठल्याही फाइलमध्ये लिहिलेली नव्हती. एकदा ऑडिटरने विचारलं, "व्हॉट इज धिस यलो लाइन?" मी म्हणालो, "इंटर्नल मार्क." त्याने तसं लिहून घेतलं. गावोगावचे शेतकरी मात्र दुकानात जाऊन पिवळ्या रेघांचाच कोयता मागत.

मला ते मास्तर म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक वाचतो, एवढंच त्याचं कारण. त्यांच्यामुळे सगळा कारखाना मला मास्तर म्हणायला लागला. एकवीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. "मास्तर, पुस्तकात तडा दिसतो का?" असं ते अधूनमधून विचारायचे. मी नाही म्हणायचो आणि पान उलटायचो.

ते गेल्यानंतरच्या आठवड्यात प्रसाद शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. मोठे मालक आता येत नाहीत, त्यांचा मुलगा प्रसाद सगळं बघतो. टेबलावर एक वस्तू होती.

"ओळखा काय आहे."

"कुऱ्हाड दिसते."

"कुऱ्हाड आहे, हातोडी आहे, पक्कड आहे, करवत, चाकू, स्क्रू ड्रायव्हर, बाटली उघडायचं. पंधरा कामं, एक हत्यार. रीलवर बघितलंत का? ट्रेकिंगवाले वेडे झालेत याच्यामागे."

मी हातात घेतली. डोकं दोन भागांचं होतं. एका भागाला पातं, दुसऱ्याला हातोडीचा चौकोन. दोन्ही भाग मधे एका पिनवर जोडलेले. दांडाही दोन भागांचा. तो उघडला की डोक्याची पक्कड होत होती. बाकीची हत्यारं दांड्याच्या पोटात घडी घालून बसवलेली. हलवली की खुळखुळायची.

"आपण अशी बनवू शकतो?"

"बनवू शकतो. पण पात्याचा गळा फार बारीक आहे, शेठ. आणि बरोबर तिथेच पिनचं भोक आहे."

"आधी बारा पीस काढू. सुभेदारांना देऊ. ते हो म्हणाले की पुढचं बघू."

सुभेदार म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले आमचे जुने गिऱ्हाईक. ते कॉलेजच्या मुलामुलींना डोंगरात कॅम्पला नेतात. गाडी जाते तिथल्या कॅम्पच्या कुऱ्हाडी आमच्याकडच्याच असत. त्यांनी ही वस्तू पसंत केली तर पावसाळ्यानंतरच्या कॅम्पपासून ती प्रत्येक मुलाच्या सॅकमध्ये जाणार होती. म्हणजे मी काय तपासतो ते महत्त्वाचं होतं.

बारा पीस तयार झाले. भट्टीवर नवा माणूस होता. त्याने कागदावर लिहिलेलं तापमान आणि वेळ काटेकोर पाळली. पाती थेट जोडणीला गेली. पिन ठोकली, दांडे बसवले, आणि बाराही पीस माझ्या टेबलावर आले. मी रॉकवेल मशीन लावलं. हे मशीन पोलादाला बारीक टोक टोचतं आणि ते किती आत गेलं त्यावरून कडकपणाचा आकडा देतं. बाराचे बारा आकडे मर्यादेत होते.

मग प्रसाद शेठ आले. "झालं का?"

"आकडे ठीक आहेत."

"मग पिवळ्या रेघा मारा. सुभेदार रेघा बघूनच घेतात."

"ते चाचांचं काम होतं."

"आता तुमचं. तुम्ही एकवीस वर्षं शेजारी बसून बघितलंय."

ते खरं होतं. मी चाचांची हातोडी घेतली आणि एकेक पीस वाजवला. सगळे ठप्प वाजले. मग स्वतःला समजावलं की हे इतक्या भागांचं हत्यार आहे, सगळे भाग एकमेकांवर आपटतात, त्याला नाद कुठून येणार. हे कारण पटण्यासारखं होतं. मशीनचा आकडा तर समोर होता. मी रंगाची डबी उघडली, काडी बुडवली आणि बारा पिसांच्या गळ्यावर दोन-दोन रेघा ओढल्या. रेघा सरळ आल्या.

ट्रायल रविवारी सकाळी होती. डोंगरात राखीव जंगलात लाकूड तोडायला परवानगी नसते, म्हणून सुभेदारांनी आपल्या भावाच्या रानात तंबू लावला होता. बाभळीच्या वाळक्या फांद्या रचून ठेवल्या होत्या. प्रसाद शेठ आणि मी गाडीने गेलो. सुभेदारांनी कुऱ्हाड हातात घेतली आणि खुळखुळा वाजवावा तशी कानाशी हलवली.

"मास्तर, ह्ये बारशाला द्यायचं हाय व्हय?"

प्रसाद शेठ हसले. "वापरून तरी बघा, सुभेदार."

"बघतो की. त्येच्यासाठीच तर आलोय."

त्यांनी आधी ती तंबूच्या खुंट्या ठोकायला घेतली. हातोडीचा चौकोन काडेपेटीपेक्षा लहान. चारातला एक घाव खुंटीच्या बाजूला जायचा. "त्यापरास धोंडा बरा. डोंगरात धोंडं फुकाट मिळत्यात, आन् वर वागवावं लागत न्हाईत." मग करवत काढली. ती माझ्या मधल्या बोटाएवढी होती. मनगटाएवढी फांदी कापायला घेतल्यावर ती निम्म्यात अडकली. चाकू उघडला तर कुऱ्हाडीचं पातं त्यांच्याच तळव्याकडे तोंड करून राहिलं. सुभेदारांनी चाकू लगेच मिटवला.

"कांदा चिरताना हात चिरायचा."

"कव्हर लावून चिरायचा, काका," प्रसाद शेठ म्हणाले.

"डोंगरात पयलं कव्हरच हरवतं, गड्या."

पक्कड बरी चालली. स्टोव्हवरचं गरम पातेलं तिने उचललं. बाटलीही उघडली. सुभेदारांनी ती दोन कामं बोटांवर मोजली आणि उरलेली बोटं शेठना दाखवली. मग त्यांनी कुऱ्हाड तळहातावर झेलली. "वझं किती हाय ह्येचं? पोरगं पाठीवर घेऊन दोन दिस चाललं की कळंल. आमी स्वयंपाक स्टोव्हवर करतो. लाकूड तोडायला बंदी. मग कुऱ्हाड कशापायी?"

"इमर्जन्सीला," शेठ म्हणाले.

"बरं. मग इमर्जन्सीच करून बघू."

त्यांनी जाड फांदी ओंडक्यावर आडवी ठेवली. पहिला घाव, दुसरा, तिसरा. चौथ्या घावाला वेगळा आवाज आला. सुभेदारांच्या हातात नुसता दांडा राहिला. पातं त्यांच्या गुडघ्याजवळून गेलं आणि स्टोव्हशेजारच्या स्टीलच्या किटलीवर आदळलं. किटली आडवी झाली. चहा गवतात सांडला.

मी सुभेदारांच्या पायाकडे बघितलं. पँटवर काही नव्हतं. पात्याच्या वाटेवर कोणी बसलेलं नव्हतं. कॅम्प असता तर त्या किटलीभोवती मुलं बसलेली असती.

सुभेदारांनी पातं उचललं आणि तुटलेला गळा उन्हात धरला. दोन पिवळ्या रेघांच्या खालीच ते तुटलं होतं.

"ही दस्तगीरभाईची खूण न्हवं?"

"हो," प्रसाद शेठ म्हणाले.

"त्ये तर वारलं म्हनं. मंग खूण कुनी केली?"

मी म्हणालो, "मी."

सुभेदारांनी पातं माझ्या हातात दिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुमी वाजीवलं व्हतं का, मास्तर?"

"वाजवलं होतं. वाजलं नाही."

तुटलेलं पोलाद बघून बरंच कळतं. ताजी तूट राखाडी आणि चकचकीत असते. तडा आधीचा असेल तर तिथे टेम्परिंगच्या वेळी हवा लागते आणि तो भाग काळपट होतो. माझ्या हातातल्या गळ्यात पिनच्या भोकापासून निघालेला निम्मा भाग काळा होता. म्हणजे मी रेघा ओढल्या तेव्हा हे पातं निम्मं तुटलेलंच होतं.

सोमवारी मी उरलेल्या अकरा पिसांच्या पिना काढल्या. सुटी पाती एकेक करून सुतळीला टांगली आणि वाजवली. सात पाती नीट वाजली. चार ठप्प झाली. त्या चारांवर लाल रंगाची टेस्ट घेतली. यात लाल द्रव फवारून पुसतात आणि वर पांढरी पावडर मारतात. तडा असला तर आत शिरलेला लाल रंग बाहेर येतो. चारही पात्यांवर भोकापासून लाल रेघ आली. चाचा पाती जोडणीला जाण्याआधी वाजवायचे. मी जोडल्यावर वाजवली होती. इतकी वर्षं शेजारी बसून हा क्रम माझ्या लक्षात आला नव्हता, कारण आमची साधी कुऱ्हाड एका तुकड्याची असते. तिला दांडा बसवण्याआधीच माझ्याकडे आणतात.

मी प्रसाद शेठना रिपोर्ट दिला. चूक माझी आहे हे पहिल्या ओळीत लिहिलं होतं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"गळा जाड केला तर?"

"मग पक्कड मिटणार नाही."

"भोक लहान केलं तर?"

"पिन बारीक होईल. ती तुटेल. यात घाव मारायचं हत्यार आणि मिटायचं हत्यार एकाच गळ्यात बसवलंय, शेठ. घावाला अखंड पोलाद लागतं. मिटायला भोक लागतं."

"पण ते रीलवर तर धडाधड तोडतात."

"किती घाव दाखवतात?"

त्यांनी फोन काढला आणि खरोखरच मोजले. "तीन," ते म्हणाले. मग फोन उलटा ठेवला. "सुभेदार काय म्हणतात?"

"गाडीने कॅम्पला जायचं असेल तर साधी, एका तुकड्याची लहान कुऱ्हाड. चालत जायचं असेल तर एक चाकू, आणि तोही वेगळा."

शेठनी ऑर्डर थांबवली. माझ्यावर आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "रेघा मारा असं मी म्हणालो होतो, तेही लिहा रिपोर्टमध्ये." मी लिहिलं.

चाचांच्या चाळीसाव्याला मी सांगलीला गेलो. सोबत त्यांची हातोडी आणि स्टुलाजवळ राहिलेला डबा होता. चाचींनी डबा घेतला आणि झाकण उघडून आत बघितलं. मी तो घासून नेला होता. हातोडी त्यांनी परत माझ्यापुढे सरकवली.

"आवो मास्तर, हातोडी ठेवून मी काय करू? भिंतीत खिळा मारायचा तर पोरगा मशीन आणतो."

"चाचांची आहे, म्हणून आणली."

"रोज जेवताना तुमचं नाव काढायचे. मास्तरला कान हाय, म्हनायचे. पन आधी आकडा बघतो, मग ऐकतो. उलटं पायजे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुमच्याम्होरं कधी बोलले न्हाईत?"

"नाही."

"लाजत असतील. तुम्ही शिकलेले."

मी त्यांना त्या रविवारचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "कुनाला लागलं तर न्हाई ना?" मी नाही म्हणालो. त्या उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

आता आमच्या फाइलमध्ये एक ओळ वाढली आहे: जोडणीआधी प्रत्येक सुटा भाग टांगून वाजवणे, कडकपणाचा आकडा त्यानंतर घेणे. ऑडिटरला ती आवडली. मॉडर्न प्रॅक्टिस आहे, म्हणाला. मला धडा मिळाला तो इतकाच, की एका वस्तूची पंधरा कामं सांगितली तर ती किती ठिकाणी सुटी होते ते आधी मोजावं, आणि वाजली नाही तर तिच्या वतीने कारण देऊ नये. अकरा पिसांवरच्या रेघा मी रॉकेलच्या बोळ्याने पुसल्या. त्यातल्या धड सातांपैकी एक पीस पुन्हा जोडून शेठच्या टेबलावर ठेवला आहे. पाहुणे आले की शेठ त्याने सोड्याच्या बाटल्या उघडतात. तेवढं काम तो चांगलं करतो.

हातोडी भट्टीशेजारच्या खिळ्याला आहे. पाती मी वाजवतो. वाजलेल्यावर निळा ठिपका देतो, रेघा ओढत नाही. दुकानदार अजून पिवळ्या रेघा मागतात, त्यांना त्या बंद झाल्याचं सांगावं लागतं. पिवळ्या रंगाची डबी वाळली आहे. तुटलेलं पातं माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावरच्या रेघा पुसलेल्या नाहीत.