पंखा लावल्यावर

मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेचा विभागीय आराखडा ठरवायला मी सल्लागार म्हणून गेलो होतो. अशा बैठकीत एकेक काम लिहिलेल्या रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवून कामांचा क्रम ठरवतात आणि त्या उडू नयेत म्हणून पंखे बंद ठेवतात. दुपारपर्यंत सगळे घामाघूम झाले. पूरग्रस्त गावांचं काम बघणाऱ्या शोभाताई म्हणाल्या, "लावा हो पंखा, जीव चाललाय."

पंखा लागला आणि चिठ्ठ्या जमिनीवर आल्या. सगळे वाकले. 'पिण्याचं पाणी'कडे दोघातिघांचे हात एकदम गेले. 'बाळंतिणींसाठी होडी' शोभाताईंच्या मुठीत आधीच होती. आधी काय उचलायचं, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

'समन्वय' खुर्चीखाली पडून राहिली. ती मी लिहिली होती. तिच्यासाठी मीही वाकलो नाही.